पाकटाचा हौद: घरात मोठं पाणी बांधण्याचा इतिहास

(कर्वेनगरमधल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



मागच्या वेळी मी याच सभागृहात पुण्याच्या जुन्या हौदांवर बोललो होतो. व्याख्यान संपलं, खुर्च्या आवरून झाल्या, तरी एक तरुण मुलगा मागे थांबून राहिला. म्हणाला, "सर, असा हौद आज घरातल्या घरात, कमी पैशात बांधता येईल का?" मला वाटलं वाड्याची हौस असेल. विचारलं, कशासाठी? तर त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. काचेच्या पेटीच्या तळाशी पसरलेला एक मासा. गोल, चपटा, ताटाएवढा. तपकिरी अंगावर नारिंगी ठिपके. शेपटीवर काटा. "हा गोड्या पाण्यातला पाकट. आणला तेव्हा बशीएवढा होता. आता वळताना शेपटी काचेला घासते. मोठी काच परवडत नाही. आणि परत घ्यायला कोणी तयार नाही."

त्या दिवशी मी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. घरी जाऊन शोधायला बसलो, आणि लक्षात आलं की त्याच्या प्रश्नात दीड-दोनशे वर्षांचा इतिहास दडलाय, आणि त्यातला बराचसा आपल्या पुण्यातलाच आहे. आजचं व्याख्यान त्या मुलाला दिलेलं उशिराचं उत्तर आहे असं समजा. उत्तराचा सारांश आधीच सांगून टाकतो: हौदाची भिंत स्वस्तात होते, पाणी जिवंत ठेवणं स्वस्तात होत नाही. या दोन गोष्टी माणसाला वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गावांत कळल्या. कशा कळल्या ते बघू.

पाहुणा कोण आहे?

कोकणातल्या मंडळींना पाकट नवा नाही. पण तो समुद्रातला. नदीत राहणारे पाकट जगात थोडे आहेत. आपल्याकडे गंगेत आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टराने १८२२ साली गंगेतल्या माशांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात नदीतल्या पाकटाचं वर्णन आहे. या जातीला आता आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे. वाघाला जे संरक्षण, तेच. त्यामुळे तो पाळायचा विचारही कोणी करू नये. आग्नेय आशियातल्या नद्यांत याचा एक राक्षसी नातेवाईक राहतो. २०२२ च्या जूनमध्ये कंबोडियात मेकाँग नदीत एक मादी सापडली, वजन ३०० किलो, लांबी जवळजवळ चार मीटर. तिला मोजून, खूण लावून परत सोडलं. आजवर नोंदलेला गोड्या पाण्यातला तो सगळ्यात वजनदार मासा.

बाजारात मिळतो तो मात्र दक्षिण अमेरिकेतला. ॲमेझॉन, ओरिनोको, पाराना या नद्यांमधला. त्याचे पूर्वज काही कोटी वर्षांपूर्वी समुद्रातून त्या नद्यांमध्ये शिरले आणि तिथलेच झाले. इतके तिथले झाले की आता समुद्रात जगू शकत नाहीत. समुद्रातले शार्क आणि पाकट रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी तोल सांभाळतात. या नदीतल्या घराण्याने ती युक्ती सोडून दिली. १९६७ साली शास्त्रज्ञांनी रक्त तपासून हे दाखवून दिलं. थोडक्यात, परतीचा दरवाजा बंद झालेला प्राणी आहे हा.

त्याची गरज काय? दोन-अडीच फूट व्यासाचा मासा. तळाशी राहतो, वाळूत अंग पुरून बसतो, पोहतो तेव्हा चादर हलावी तसा सरकतो. त्याला उंची नको, जमीन हवी. हे लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीतली सगळी काटकसर या एका मुद्द्यावर उभी आहे.

काचेची पेटी कुठून आली?

तो मुलगा काचेत का अडकला होता? कारण मासा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काचच येते. ही सवय फार जुनी नाही. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. १८४९ मध्ये त्याने काचेच्या भांड्यात दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं. मग त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजलेली पानं खाल्ली, पाणी निवळलं. त्याने निष्कर्ष काढला: मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा तोल जमला की पाणी बदलावं लागत नाही. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं काचघर उघडलं, १८५४ मध्ये फिलिप गॉसचं पुस्तक आलं, आणि घराघरात काचेच्या पेट्या दिसू लागल्या. त्याच्या पुढच्या काही वर्षांत त्यातल्या बहुतेक रिकाम्याही झाल्या. मासे मेले. तो 'तोल' दोन लहान माशांपुरता होता, लोकांनी दहा सोडले.

त्यावर उपाय शोधला विल्यम लॉइड या माणसाने. त्याचं म्हणणं साधं होतं. मासे दिसतात तेवढंच पाणी पुरत नाही. १८७१ मध्ये लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसला त्याने जे मत्स्यालय उभं केलं, तिथे खाली अंधारात एक भलंमोठं टाकं होतं. वरच्या दर्शनी टाक्यांतल्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी त्या खालच्या टाक्यात. वाफेच्या पंपाने पाणी वर जायचं, मासे ओलांडून परत खाली यायचं. अखंड. आज मासे पाळणारे ज्याला 'संप' म्हणतात ती खालची टाकी म्हणजे लॉइडच्या टाक्याची नात आहे.

आपल्याकडे मोठं सार्वजनिक मत्स्यालय आलं ते मुंबईत, मरीन ड्राइव्हवर. तारापोरवाला मत्स्यालय, १९५१. इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत त्या काचांना नाक लावलं असेल. आपली पिढी मासे 'बघायला' शिकली ती तिथे. मासा बाजूने बघायचा, उभ्या काचेतून. पण पाकट हा बाजूने बघायचा मासा नाहीच. त्याला वरून बघायचं असतं, जसं आपले लोक हौदात वाकून बघायचे.

कात्रजचं पाणी

आता लंडनच्याही शंभर वर्षं मागे जाऊ आणि पुण्यात येऊ. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजच्या डोंगराखाली तळं बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. हा नळ म्हणजे पाइप समजू नका. माणूस आत उतरून गाळ काढू शकेल असं भुयार. वर ठिकठिकाणी 'उच्छ्वास' ठेवलेले, म्हणजे हवेसाठी आणि आत उतरण्यासाठी बांधलेले उभे झरोके. वाटेत पेठांमधून हौद. कुठेही पंप नाही, सगळं उतारावर.

मागच्या वेळी मी याच्या स्थापत्याबद्दल बोललो होतो. आज यातल्या तीन युक्त्या मोजतो. पहिली, कात्रजला तळी दोन आहेत. वरच्या तळ्यात गाळ बसायचा आणि निवळलेलं पाणी पुढे खालच्यात. दुसरी, पाणी चालतं ठेवलेलं. उतारावरच्या नळाचं पाणी वाहत राहतं, आणि वाहणाऱ्या पाण्यात हवा मिसळत राहते. तिसरी, जिथे बिघडेल तिथे माणसाचा हात पोचेल अशी सोय आधीच करून ठेवलेली. उच्छ्वास हे त्याचंच उदाहरण.

गाळ आधी बसवा, पाणी चालतं ठेवा, हात पोचेल असं बांधा. लॉइडने वाफेच्या पंपावर जे केलं त्याची ही तत्त्वं आपल्या गवंड्यांना डोंगराच्या उतारावर ठाऊक होती. फरक इतकाच की त्यांना ती माशासाठी नको होती, माणसांसाठी हवी होती.

१८७९ मध्ये खडकवासल्याचं धरण पुरं झालं, नळ आले, आणि हळूहळू हौद मागे पडले. मग १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, खडकवासलाही फुटलं. पूर ओसरल्यावर शहराचे नळ कोरडे. तेव्हा लोक पुन्हा आडांकडे आणि जुन्या हौदांकडे वळले. इथल्या ज्येष्ठांपैकी काहींनी ते पाणी भरलंही असेल. हौद काय असतो हे पुण्याला शेवटचं त्या पावसाळ्यात नीट आठवलं.

भिंतीची गोष्ट: कुंडीपासून शेततळ्यापर्यंत

आता भिंत. पेशव्यांचे हौद दगडाचे, घाणीत मळलेल्या चुन्यात बांधलेले. भिंत जाड, कारण दगड आणि चुना दाब सोसतात, ताण सोसत नाहीत. पाणी भिंतीला बाहेर ढकलतं. ते ढकलणं अंगावर घ्यायचं तर वजन हवं, म्हणजे जाडी हवी, म्हणजे पैसा हवा.

ही अडचण सोडवली एका माळ्याने. फ्रान्समध्ये जोसेफ मोनिए नावाचा माळी होता. संत्र्याच्या झाडांच्या कुंड्या सारख्या फुटायच्या. त्याने सिमेंटच्या पातळ भिंतीत लोखंडी जाळी घातली. १८६७ मध्ये पेटंट घेतलं. त्याच्या आधी १८४८ मध्ये लाँबो या त्याच्याच देशबांधवाने अशाच जाळीवर सिमेंट लेपून चक्क होडी बनवली होती. ताण लोखंडाने घ्यायचा, दाब सिमेंटने. आरसीसी ज्याला आपण म्हणतो त्याची एक मुळी या कुंड्यांमध्ये आहे. आणि जाळीवर गिलावा करून इंच-दीड इंचाची टाकी करण्याची जी पद्धत, फेरोसिमेंट, तिच्यावर आपल्या पुण्यातल्या अभियंत्यांनी पुष्कळ काम केलंय.

भिंतीचा पुढचा टप्पा मात्र शहरात आला नाही, शेतात आला. शेततळं. महाराष्ट्रातल्या द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांनी खड्डा खणून त्यात ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरला. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजनाही आली. हा कागद पाणी अडवतो, मातीचा बांध दाब घेतो. म्हणजे ताकद आणि अभेद्यता या दोन कामांची फारकत झाली. चुन्याच्या हौदात ही दोन्ही कामं एकाच भिंतीला करावी लागायची, म्हणून ती महाग. शेततळ्याने कामं वाटून दिली आणि पाणी साठवणं शेतकऱ्याच्या आवाक्यात आणलं. गेल्या काही वर्षांत मत्स्यशेतीसाठी ज्या गोल टाक्या आल्या, बायोफ्लॉकच्या, त्याही याच विचाराच्या: बाहेर लोखंडी जाळीचं कडं, आत ताडपत्री.

आता तुम्हाला त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. दगड नको, काच तर नकोच. विटांची किंवा ब्लॉकची कमरेखालची भिंत, नाहीतर लोखंडी अँगलची चौकट आणि प्लायवूड. आतून जुनी सतरंजी किंवा जाड कापड, म्हणजे टोक लागणार नाही, आणि त्यावर जाड लायनर. किंवा सरळ ताडपत्रीची गोल टाकी. गोल तर पाकटाला उत्तमच. कोपरे नसतात, तो भिंतीच्या कडेने फिरत राहतो.

आणि इथे तो 'जमीन हवी, उंची नको'चा मुद्दा कामाला येतो. पाण्याची भिंतीवरची ढकल खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढते. खोली दुप्पट केली की ढकल चौपट. १० फूट लांब भिंत आणि २ फूट पाणी असेल तर सगळी ढकल भरते साधारण साडेपाचशे किलो. तीच भिंत ४ फूट पाण्याला उभी केली तर सव्वादोन हजार. उंच मासा पाळणाऱ्याला भिंत महाग पडते. पाकटवाल्याला ती स्वस्त पडते, निसर्गानेच सवलत दिल्यासारखी.

न दिसणारे कामगार

मग उरलेलं अर्धं उत्तर? ते वॉरिंग्टनला सापडलं नव्हतं, लॉइडलाही पूर्ण सापडलं नव्हतं. मासा खातो आणि अमोनिया सोडतो. अमोनिया विष आहे. ते जातं कुठे?

१८७७ मध्ये पॅरिसमध्ये श्लोसिंग आणि म्यूंत्झ यांनी एका उभ्या नळीत वाळू आणि खडू भरला आणि वरून सांडपाणी संथपणे सोडलं. सुरुवातीचे सुमारे वीस दिवस काहीच झालं नाही. अमोनिया गेला तसाच बाहेर. त्यानंतर खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाच्या जागी नायट्रेट दिसायला लागलं. मग त्यांनी क्लोरोफॉर्म सोडला, क्रिया थांबली. म्हणजे वाळूत काहीतरी जिवंत होतं. १८९० मध्ये विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणू वेगळे काढून दाखवले.

ते वीस दिवस विसरू नका. आजही नव्या हौदाला तेवढाच, बहुतेकदा त्याहून जास्त वेळ लागतो. तीन ते सहा आठवडे. लोक भिंत बांधतात, पाणी भरतात, संध्याकाळी मासा सोडतात. आठवड्याने मासा मरतो आणि दोष विकणाऱ्याला देतात. खरं म्हणजे हौद तोवर जन्मलेलाच नसतो. आपल्या घरात विरजणाला रात्र द्यावी लागते हे ठाऊक असतं, इथे घाई करतात. जुन्या, चालत्या हौदाच्या गाळणीतला स्पंज आणून घातला तर काम लवकर होतं. विरजणच ते.

सिमेंटचा उघडा हौद असेल तर आणखी एक पथ्य. नवं सिमेंट चुना सोडतं, पाणी आम्लारी होतं. आणि या ॲमेझॉनच्या माशाला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं. त्यामुळे टाकी पुन्हा पुन्हा भरून, ओतून धुवावी लागते. आतून लायनर असेल तर ही कटकट नाही.

आकडेमोड

आता वहीवरचा हिशेब. समजा १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट पाणी. साधारण ३४०० लिटर.

वजन ३.४ टन. म्हणजे एका चौरस मीटरवर सहाशे किलोहून जास्त. आपल्या राहत्या खोल्यांच्या स्लॅबचा हिशेब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या वापरभारावर करतात. तिप्पट झालं. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हा विचार मनातही आणू नका. तळमजला, खाली भरीव जमीन, आणि तरीही बांधकाम अभियंत्याचा होकार. वाड्यांमधले हौद चौकात जमिनीवर होते ते उगाच नाही.

खालची टाकी. गच्चीवर असते तसली हजार लिटरची प्लास्टिक टाकी पुरते. तिचे दोन भाग मनात धरा. आधी गाळ बसेल अशी जागा, तेच कात्रजचं वरचं तळं. मग जिवाणूंना घर, स्पंज किंवा प्लास्टिकची माध्यमं. पंप सगळ्यात शेवटी. हीटर ठेवायचा तोही या टाकीतच. पाकट गरम वस्तूवर जाऊन बसतो आणि भाजून घेतो, म्हणून हौदात उघडा हीटर कधीच नको.

ऊब. याला २५ ते २८ अंश पाणी लागतं. पुण्याची जानेवारीतली पहाट तुम्हाला माहीत आहे. ३४०० लिटर पाणी एक अंशाने वाढवायला सुमारे ४ युनिट वीज लागते, आणि उष्णता निसटत राहते ती वेगळी. म्हणून भिंतीला आणि तळाला थर्माकोल, रात्री वर झाकण. थर्माकोलवर खर्च केलेला रुपया दर हिवाळ्यात परत येतो.

वीज गेली तर? बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. हा खर्च लोक टाळतात आणि एका उन्हाळी दुपारी सगळं गमावतात.

वाळू घातली तर बारीक, गोल दाण्याची. बांधकामाची क्रश सँड नको, तिच्या कडा धारदार असतात, पोट खरवडतं. काहीच घातलं नाही तरी चालतं. भिंतीचा काठ पाण्याच्या वर वीतभर तरी ठेवा आणि वर जाळी. हा मासा भिंतीवर चढतो.

आणि पाणी. दर आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचा धरला तर ८५० लिटर. कारण जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, पण नायट्रेट साठत जातं, ते पाणी काढूनच जातं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते हायपोने, म्हणजे जुने फोटोग्राफर वापरायचे त्याच सोडियम थायोसल्फेटने, मारून मगच आत घ्यायचं. कमी पैशातल्या हौदाचा खरा खर्च इथे आहे. बांधकाम एकदाच होतं. ही बादली दर रविवारी आहे, पंधरा-वीस वर्षं.

पाणी कोणाचं, नदी कोणाची?

८५० लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं असा आपल्याकडचा मापदंड आहे. म्हणजे सहा माणसांचं एका दिवसाचं पाणी, आठवड्याला, दोन माशांसाठी. आणि आपण कुठे बसलो आहोत? हे मूळचं हिंगणे बुद्रुक. १९०० साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवा मुलींचा आश्रम इथे माळावर, एका झोपडीत आणला, आणि फर्ग्युसनला शिकवून ते इथवर पायी यायचे. आज त्याच माळावर उन्हाळ्यात सोसायट्यांच्या दारात टँकर उभे राहतात.

पुण्यात हौद ही कधीच निव्वळ खाजगी गोष्ट नव्हती. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. एका घरातला हौद, पण त्याने शहराला प्रश्न विचारला: पाणी अडवून ठेवणारा कोणाकोणाला उत्तर द्यायला बांधील आहे? माशाच्या हौदाची आणि त्या हौदाची तुलना मी करत नाही. पण तो प्रश्न मात्र मोठं पाणी अडवणाऱ्या प्रत्येकाला लागू होतो. म्हणून त्या मुलाला मी सांगितलं, पावसाचं पाणी गच्चीवरून साठव, आणि काढलेलं पाणी गटारात सोडू नको. त्यात नायट्रेट आहे, म्हणजे खत आहे. सोसायटीच्या बागेला दे. तो हिशेब जमत नसेल तर हौदही जमणार नाही.

दुसरा प्रश्न नदीचा. जिथे हौद जमत नाही तिथे एक सोपी वाट दिसते. रात्री पिशवी घेऊन नदीवर जायचं. मुठा इथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. सिंगापूरमध्ये लोकांनी नेमकं हेच केलं. दक्षिण अमेरिकेतले पाकट तिथल्या जलाशयात सोडले आणि ते तिथे विणीला लागले. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. काटेवाला मासा, पाण्यात उतरणारी माणसं, विचार करा. आपल्याकडे २०२३ मध्ये भोपाळच्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला ॲलिगेटर गार सापडला. तोही कुणाच्या तरी काचेत न मावलेलाच असणार.

आणि ही नदी कोणती? कर्नल सायक्सने १८३० च्या दशकात दख्खनच्या माशांची यादी केली. दख्खनी महासीर या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्याने १८३९ मध्ये केलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. आज त्या नदीत तिलापिया मुबलक आहे, महासीर शोधून सापडत नाही. तिथे आणखी एक परका प्राणी नेऊन सोडणं म्हणजे आधीच आजारी असलेल्याच्या उशाशी नवा रोग ठेवणं.

कायद्याचंही थोडक्यात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत दक्षिण अमेरिकेतल्या सात जातींच्या पाकटांचा व्यापार नियंत्रणाखाली आला. झिंगू नदीतला काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा सुंदर पाकट त्यात आहे. आपल्याकडे २०२४ च्या नियमांप्रमाणे वन्यजीव कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या जिवंत प्राण्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तेव्हा आधी जात ओळखा, वनविभागाकडून खात्री करा, बिल जपून ठेवा, मग मासा.

तो मुलगा पुन्हा भेटला तेव्हा मी त्याला हे सगळं एका कागदावर लिहून दिलं. त्याचं घर तळमजल्यावर नाही. म्हणून त्याने गावी, मामाच्या घराच्या पडवीत गोल टाकी उभी केली. पाणी भरून पाच आठवडे झाले तरी मासा अजून इथेच आहे, कारण अमोनियाची चाचणी अजून पूर्ण शून्य येत नाही. काल विचारलं तर म्हणाला, "सर, मामा रोज फोन करून विचारतो, रिकाम्या पाण्याला पंप कशाला?" मी म्हटलं, मामाला सांग, विरजण लागतंय.



प्रश्नोत्तरं

प्रश्न: काटा लागला तर काय करायचं?

काट्याला विष असतं, वेदना भयंकर होतात. सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा आणि लगेच रुग्णालयात जायचं, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो. घरात लहान मुलं असतील तर हौदावर कुलूपबंद जाळी हवीच. फक्त काट्यासाठी नाही, दोन फूट पाणी लहान मुलाला बुडायला पुरेसं असतं.

प्रश्न: खोली कमी ठेवून, म्हणजे दीड फूट, वजन वाचवता येईल का?

वाचतं, पण पुरेसं नाही. दीड फुटालाही चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या वर जातं. शिवाय पाणी कमी म्हणजे घाण लवकर साठते, तापमान लवकर बदलतं. मी तरी दोन फुटांखाली जाऊ नका म्हणेन.

प्रश्न: तुम्ही स्वतः पाळाल का?

नाही. मला वर्षातून दोन महिने नाशिकला मुलीकडे जायचं असतं. कात्रजच्या नळाला उच्छ्वास होते, त्यातून माणूस खाली उतरायचा. माझ्या घरी माझ्यामागे उतरणारा माणूस नाही. ज्याच्या घरी असा दुसरा माणूस आहे, त्याने विचार करावा.